अक्का, तुमची भिंतीतली वाट

अक्का,

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. पांझरेच्या काठी जमलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तुमचा रवींद्र डोळे पुसत म्हणाला, "आईचं काही मागे राहिलेलं नव्हतं, डॉक्टर." मी मान हलवली, पण मला ते पटलं नाही. जी बाई इतकी वर्षं माझ्या दवाखान्यात गोळ्या न्यायला यायची आणि वाद घालून जायची, तिचा एकही वाद बाकी नसावा? माझ्याकडेच तीन-चार पडून आहेत. कावळ्याला भूक लागली असेल, एवढंच.

आज तेराव्याला तुमची गंधमुक्ती झाली. मांडव सोडून झाला, पाहुणे आपापल्या गाड्यांना गेले, आणि मी घरी येऊन लिहायला बसलो. गेले बारा दिवस दारावर येणारी माणसं ओटीवर टेकायची, चहाला नको म्हणायची आणि तुम्ही किती मायाळू होतात ते सांगायची. होतातच. पण त्याआधी तुम्ही हट्टी होतात, तोंडाळ होतात आणि गोळ्यांच्या बाबतीत तर साफ खोटारड्या होतात. ते कोणी बोललं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमचा डॉक्टर, मला तेवढी सूट असावी.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते मला स्वच्छ आठवतं. देवपुरातली आपली कॉलनी नवी होती, माझा दवाखानाही नवा. घराचा पुढचा खोलीवजा भाग, एक टेबल, पडद्यामागे परीक्षानळ्या. पायांना मुंग्या येतात, घसा सारखा कोरडा पडतो, अशी तुमची तक्रार. नळीतलं निळं औषध तुमच्या लघवीबरोबर तापवल्यावर विटेच्या रंगाचं झालं. मी म्हणालो, "अक्का, साखर आहे. गोळ्या देतो, पण गोळ्यांपेक्षा चालणं महत्त्वाचं. रोज तासभर चाला."

"चालसू," तुम्ही म्हणालात. "पन डाक्टरभाऊ, जावानं कोठे?"

मला वाटलं थट्टा करताय. तुम्ही थट्टा करत नव्हतात. "गावमा व्हते तवय वावरमा जाऊत, नदीवर जाऊत, दयन दयाले जाऊत. आठे बिनकामनी बाई रस्तावर फिरनी ते लोके काय म्हनतीन?"

शेत, नदी, दळण इथे नसेल तर गच्चीवर फिरा, मी सांगितलं. त्यावर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी पुढचा पेशंट बोलावला. जाता जाता म्हणालातच, "घानाना बैलना मायक गच्चीवर फिरू का मी?"

आठवडाभर घाण्याचा तो बैल डोळ्यांसमोर होता आणि तुमचा पहिला प्रश्न मला चावत राहिला. कारण खरोखरच जायचं कुठे? आपली कॉलनी आठवा तेव्हाची. आराखडा काढणाऱ्याने प्रत्येक घरासमोर मोटार वळेल एवढा रस्ता ठेवला होता आणि कॉलनीत मोटार एकाकडेही नव्हती. चारी बाजूंनी भिंत, आणि फाटक एकच, ते थेट आग्रा रोडवर. मागच्या भिंतीला लागून जुनं देवपूर. तिथला भाजीबाजार, गिरणी, मारुतीचं देऊळ, मुलींची शाळा, सगळं हाकेच्या अंतरावर. बाजारात कोणी ओरडलं तर तुमच्या स्वयंपाकघरात भाव कळायचा. पण जायचं तर फाटकातून बाहेर पडून, ट्रकांच्या कडेकडेने लांबलचक वळसा. म्हणून दळण स्कूटरवर जायचं, मुली बापाच्या मागे बसून नाहीतर त्याच वळशाने पायी शाळेत जायच्या आणि भाजी हातगाडीवर दारात यायची. माझ्याकडे मात्र गुडघे, साखर आणि रक्तदाब घेऊन अख्खी कॉलनी चालत यायची, कारण दवाखाना तेवढा भिंतीच्या आत होता.

मग तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला जळगावला जाऊन आलात. मी विचारलं, "तिकडे तरी चाललात का?" लेकीची कॉलनी आपल्यासारखीच निघाली, तिथेही तुम्ही घरातच होतात. पण तुम्ही गच्चीवरून रेल्वेचे रूळ पाहत बसायचात. पुलाचा वळसा नको म्हणून लोक सायकली खांद्यावर टाकून रूळ ओलांडायचे. कामावर जाणारे, दूधवाले, एक तर पोराला मानेवर आणि सायकल हातात घेऊन. ते चुकीचं होतं, जिवावरचं होतं, हे तुम्हालाही कळत होतं. तरी तुम्ही मला बोट दाखवून सांगितलंत, "मानूस सायकल खांदावर लई, पन फेरा घालाव नही. डाक्टरभाऊ, तुमना पुस्तकमा हाई शे का?"

माझ्या पुस्तकात ते नव्हतं. त्याच संध्याकाळी तुम्ही मला मागच्या भिंतीपाशी नेलंत. शाळेच्या मुलींनी तिथे दगड रचून पायऱ्या केल्या होत्या. एक भिंतीवरून दप्तर फेकायची, पलीकडची दुसरी झेलायची, मग पहिली भिंत चढून यायची. वेणीला लाल रिबिनी, गुडघे सोललेले. त्यांचे आई-बाप समजत होते की पोरी रस्त्याने जातात.

भिंत पडली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, पावसाने. तुम्ही पाडली असं चेअरमन अजूनही म्हणतात. पडली तीही नेमकी त्याच जागी, त्यामुळे संशय यायला जागा होती, पण मी साक्ष देतो की पावसानेच. सोसायटीचे चेअरमन म्हणजे कामाचा माणूस, तिसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी आणला. गवंडी येऊन बघतो तर पडलेल्या दगडांवर पोतं अंथरून तुम्ही सूप घेऊन बसलेल्या, गवारीच्या शेंगा मोडत. शेजारी माझी बायको वसुधा, कोपऱ्यावरच्या घरातल्या दोघी, आणि चेअरमनच्या घरच्या मंगलावहिनीसुद्धा. गवंडी बराच वेळ उभा राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी शेपू. तिसऱ्या दिवशी पुन्हा गवार. शेवटी चेअरमन स्वतः आले.

"अक्का, तुम्ही कामात अडथळा आणताय."

"मी कोठे काय करस? मी ते भाजी निवडस."

"घरात निवडा ना!"

"घरमा उजीड नही."

चेअरमन बायकोकडे बघायला लागले आणि मंगलावहिनी शेंगांकडे. त्या क्षणी भिंत हरली, अक्का. बाकी सगळं नंतरचं.

नंतरचं म्हणजे सभा. मोकाट गुरं आत येतील, चोर येतील, पोरं लुना काढतील. चेअरमनचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, गुरांचा त्रास होताच. म्हणून कमरेइतके दोन दगडी खांब रोवायचं ठरलं, मध्ये माणूस जाईल एवढी जागा. तुम्ही हटून बसलात की सायकल गेली पाहिजे. सायकलच्या मुठी खांबात अडकता कामा नयेत म्हणून शाळेतल्या एका पोरीची लेडीज सायकल मध्ये उभी केली आणि गवंड्याने खांब रोवले. पहिली लुनाही तिथूनच गेली, चेअरमनच्याच मुलाची. त्याला आईने कान धरून उतरवलं आणि हाताने ढकलत न्यायला लावलं. तेव्हापासून तो नियम झाला.

शेवटचा आक्षेप चेअरमनांनी काढला तो मला तेव्हा फार हुशारीचा वाटला होता. "उद्या कोणाच्या घरी बरंवाईट झालं तर? इथून तिरडी जाणार नाही." तुम्ही म्हणालात, "मरेल मानूसले कसानी घाई शे? त्याले मोठा रस्ताथीन लई जा. आठेथीन जित्ता मानसे जातीन."

या वाक्यावर मी पुढे येतो. आधी वाद.

वाट झाली आणि तुम्ही चालायला लागलात. सकाळी बाजार, संध्याकाळी मारुती. मागोमाग इतर बायका, कारण आता काम होतं आणि कामाला जाणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. पोरी सायकलींवर शाळेत जायला लागल्या. धुळ्यात घरोघर लुना आणि स्कूटर येत होत्या त्या वर्षांत आपल्या कॉलनीत जुन्या सायकलींना नव्या ट्यूबा पडत होत्या. माझ्या दवाखान्यात काय झालं ते मी रोज बघत होतो. तुमच्या पायांच्या मुंग्या कमी झाल्या. मंगलावहिनी जिना चढताना मध्ये थांबेनाशा झाल्या. झोपेच्या गोळ्या मागणाऱ्या दोघी यायच्याच बंद झाल्या. मला कोणी सांगितलं असतं की कॉलनीचं औषध कपाटात नसून मागच्या भिंतीत आहे, तर मी हसलो असतो. पुढे कुठल्याही नव्या वस्तीत पेशंट बघायला गेलो की मी आधी मागची भिंत बघायचो. अजून बघतो. बहुतेक ठिकाणी ती धडधाकट असते आणि आतली माणसं आजारी.

पण म्हणून तुमचं सगळं बरोबर होतं असं नाही. मी सांगायचो, चालताना दम लागला पाहिजे, दर चार पावलांवर थांबून गप्पा मारल्या तर हृदयाला काय फायदा? तुम्ही म्हणायचात, गप्पा नसत्या तर आलेच नसते. तुम्ही एकदा गोळ्या बंद केल्यात, "आते मी चालस ना" म्हणून, आणि चक्कर येऊन मेथीच्या ढिगाऱ्यात बसलात. मला बोलवायला पोरगी धावत आली. तेव्हा मी जे बोललो ते तुम्ही ऐकून घेतलंत, मान खाली घालून, आणि तिसऱ्या दिवशी बाजाराच्या तोंडावरच्या दुकानात जिलबी खाताना मला सापडलात. "अर्धीच," म्हणालात. पानात दोन होत्या. चालून घालवलेली साखर तिथेच परत घ्यायची, हा तुमचा व्यवहार मला शेवटपर्यंत समजला नाही.

आणि बाकड्याचा वाद. मी म्हणत होतो खांबांजवळ एक बाकडं टाकू, गुडघेदुखीच्या बायका टेकतील. तुम्ही कडाडून विरोध केलात. "बाकडं टाकं ते मानसे बठतीन. मानसे बठनात ते बाया फेरा घालतीन." मी म्हणालो, असं काही नसतं. तुम्ही म्हणालात, मी बाई नाही म्हणून मला कळत नाही. पण अक्का, साठीच्या बाईला टेकायला जागा लागतेच. तुम्ही कडुनिंब लावलात, सावली केलीत, ते छान. सावलीत उभं किती वेळ राहायचं? या वादाचा निकाल लागलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो सोडणार नाही.

आता जे कधी बोललो नाही ते.

वसुधा गेली त्या वर्षी मी दवाखाना उघडायचो, पेशंट बघायचो, आणि मधलं दार लावून आत बसायचो. जेवणाचा डबा तुमच्याकडून यायचा. लोक म्हणायचे, डॉक्टर, जरा बाहेर पडत जा. मीच लोकांना हे आयुष्यभर सांगत आलो होतो आणि मला ते शब्द ऐकवत नव्हते. बाहेर पडून जायचं कुठे?

एका सकाळी तुम्ही दारात उभ्या. "डाक्टरभाऊ, निंबू लई या ना थोडासा. मना पाय दुखी राहिना." मी गेलो. पेशंटचा पाय दुखतो म्हटल्यावर जायला हवं. कडुनिंबाखालून, खांबांमधून पलीकडे, भाजीवाल्या बायकांच्या ओळीत. त्यांच्यातल्या हौसाबाईने मला ओळखलं आणि पिशवीत दोन लिंबं जास्तीची टाकली. आणून दिली. दोन दिवसांनी पुन्हा लिंबं. मग आठवडाभर रोज. कधी लिंबं, कधी लिंबं आणि कोथिंबीर. कोणी वाटेत नाडी दाखवायचं, कोणी पोराची शाळा सांगायचं. परत येताना मला भूक लागलेली असायची.

महिन्याभराने एकदा मी डबा परत द्यायला तुमच्या मागच्या दाराने आलो. तुमच्या परसात लिंबाचं झाड. त्याच्या फांद्या लिंबांनी वाकल्या होत्या. खाली सडा पडला होता. सुनीता, तुमची सून, पाटीत लिंबं भरत होती, लोणच्यासाठी. तिने मला पाहिलं आणि लाजून आत गेली. मी डबा ओट्यावर ठेवला आणि पुढच्या दाराने निघून आलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा सांगितलंत, लिंबं आणा. मी आणली. पुढेही आणत राहिलो. तुम्हाला वाटायचं मला माहीत नाही. मला माहीत होतं, अक्का. मी कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तुम्ही पाठवायचं बंद केलं असतं. आज बोलतो. तुम्ही मला जगवलंत. माझ्याकडे त्यासाठी दुसरा शब्द नाही आणि तुम्हाला तो शब्द ऐकून कसंतरी झालं असतं, म्हणून तुम्ही नसताना लिहितोय.

आता तुमच्या शेवटच्या दिवसाबद्दल. तुम्हाला राग येईल असं तुमच्याच माणसांनी केलं.

शववाहिका सांगायची की खांद्यावर न्यायचं, हे बोलणं चाललं होतं. आग्रा रोडवर ट्रक अडकून पडलेले. तेव्हा चेअरमन पुढे आले. त्यांना मी इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "अक्काला मागून न्यायचं. तिच्या वाटेने." कोणी नाही म्हटलं नाही. तुमचं ते सभेतलं वाक्य मला आठवलं, पण चेअरमनच्या तोंडाकडे बघून मीही गप्प राहिलो. आपल्याकडे बायका दारातच थांबतात, त्या दिवशी थांबल्या नाहीत. खांबांपर्यंत आल्या.

आणि तिथे तिरडी अडली. दोन्ही बाजूंनी खांदेकरी असताना त्या जागेतून जाणार कशी? सायकलच्या मापाची वाट. चेअरमन म्हणाले, "विसावा इथेच द्या." तुम्हाला खाली ठेवलं, कडुनिंबाखाली, जिथे तुम्ही शेंगा मोडत बसायचात तिथेच. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की खांब कमरेइतके आहेत आणि तिरडी खांद्यावर असते. अलीकडच्यांनी उचलून वर धरली, पलीकडे भाजीबाजारातले लोक येऊन उभे होते, त्यांनी हातांवर घेतली. तुम्ही खांबांच्या वरून गेलात. चेअरमनचा आक्षेप तसा कधीच खरा नव्हता, आणि ते आम्हाला सगळ्यांना त्या दिवशी कळलं.

तुमचं वाक्य मात्र खरं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून वाट ओस पडली.

विसाव्याची जागा, तिथून जाऊ नये, असं कोणीतरी म्हणालं. पोरीबाळी जातात, बाहेरची बाधा होते. आधी म्हणे दिवस होईपर्यंत, मग म्हणे नंतरही नकोच. पोरी पुन्हा बापांच्या मागे स्कूटरवर बसल्या, नाहीतर सायकली घेऊन आग्रा रोडच्या कडेने निघाल्या. ट्रकांमधून वाट काढायच्या. मंगलावहिनी साखर तपासायला आल्या. म्हणाल्या, "आता गच्चीवर फिरते."

"किती दिवस फिरलात?"

"एक."

मी समजावलं. शास्त्र सांगितलं. ओरडलोही. तुम्हाला माझं ओरडणं माहीत आहे, त्याने आजवर कोणी बरं झालेलं नाही. वर परवा चेअरमन आले, ओशाळल्यासारखे. "डॉक्टर, मी प्रेमाने केलं हो. पण आता कोणी जातच नाही तिथून. गुरं मात्र यायला लागली. रविवारच्या सभेत घेतो, चार विटांचं काम आहे, बंद करून टाकू." तुम्ही सूप घेऊन वाचवलेली वाट तुमच्यावरच्या मायेपायी बुजणार होती. असा घोळ आपली माणसंच करू जाणोत. त्या रात्री मला तुमचा फार राग आला, की या वेळेला तुम्ही नाहीत.

काल सकाळी सुनीताने गंधमुक्तीच्या जेवणाचं बोलायला मला बोलावलं. वरण-बट्टी, गंगाफळ भोपळ्याची भाजी, गोडाचं. मंगलावहिनी आणि चार-पाच जणी मदतीला बसलेल्या. सुनीता म्हणाली, "डॉक्टर, सगळं ठरलं. आईंच्या पानावर आणखी काही राहतंय का?"

तिच्या मागे, दारातून, ते झाड दिसत होतं. लिंबांनी वाकलेलं.

मी म्हणालो, "मेथी. अक्कांच्या पानावर मेथी हवी. आणि ती हौसाबाईकडचीच, दुसऱ्या कोणाची त्या खात नव्हत्या."

"मग यांना पाठवते स्कूटरवर," मंगलावहिनी म्हणाल्या.

"अक्कांनी स्कूटरवरून आलेली मेथी कधी खाल्ली होती?"

मी आणखी काही जोडलं नाही, तेवढं तुमच्याकडून शिकलोय. चहा संपवला आणि उठलो. मागे कुजबुज ऐकू आली. एक म्हणाली, तिथून कसं जायचं, अक्कांनी झपाटलं तर? दुसरी म्हणाली, "अक्कानंच काम शे ना? आपलाच कामले जानारीले अक्का कसाले धरी?" मग चपला शोधण्याचा आवाज.

मी घरी गेलो नाही. खिशात पिशवी होती. आग्रा रोडने वळसा घालून पलीकडच्या बाजूने बाजारात शिरलो, म्हणजे त्यांना मी दिसू नये. गर्दीत वेळ काढला. हौसाबाईने तुमची चौकशी अशी केली की जणू तुम्ही आजारी आहात आणि उद्या येणार आहात. तिला माहीत होतं, तरी तिने तसंच विचारलं, आणि मीही तसंच उत्तर दिलं.

परतताना खांबांकडून आलो. थंडीचं कोवळं ऊन भिंतीच्या त्या कोपऱ्यात छान येतं, तुम्ही उगाच ती जागा धरली नव्हती. कडुनिंबाखाली, जिथे तुम्हाला ठेवलं होतं तिथे, पोती अंथरलेली. मेथीच्या जुड्यांचा ढीग. सुनीता, कोपऱ्यावरच्या दोघी, आणि मध्ये मंगलावहिनी, सूप मांडीवर घेऊन. रडत होत्या आणि निवडतही होत्या. शाळेच्या दोन पोरी सायकली धरून कॉलनीच्या बाजूला घुटमळत होत्या, जावं की नको. मंगलावहिनींनी मान वर करून त्यांना झापलं, "उभ्या काय राहिल्या? घंटा होईल." पोरी त्यांच्या पायांजवळून सायकली काढत गेल्या.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. इतकी वर्षं त्या मला डॉक्टरसाहेब म्हणत आल्या. पाय आखडून घेत म्हणाल्या, "या डाक्टरभाऊ, वाट शे."

रविवारच्या सभेत काय होईल ते मला माहीत नाही. मी जाणार आहे, सभेत आजवर कधी तोंड उघडलं नाही ते उघडणार आहे, आणि बाकड्याचा विषयही काढणार आहे, तुम्हाला चालो न चालो.

खांबांमधून मी जरा आडवा होऊन आलो, हातातली पिशवी सांभाळत. सुनीताने पिशवीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. परसातल्या झाडाखाली त्या सकाळीही सडा पडला होता, तो तिनेच झाडला असेल.

"लिंबं?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "अक्कांनी सांगितली होती."